सरळ केसांच्या सिस्टर

सिस्टर आलेल्या गिऱ्हाइकाला आधी परत पाठवायच्या. कुरळे केस सरळ करून घ्यायला कोणी बाई हौसेनं त्यांच्या दारात गेली, की त्या तिचा एक केस तोडून घेत, वाटीतल्या पाण्यात बुडवत, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणत आणि म्हणत, "आज नही. पंधरा दिन नंतर या." आणि ती बाई पंधरा दिवसांनी खरंच यायची. माझ्या पार्लरमध्ये बाईनं चप्पल काढायच्या आत मी "बसा, बसा" म्हणायची, खुर्ची पुसायची, पंखा तिच्याकडे वळवायची. तरी पुढच्या खेपेला ती सिस्टरच्या ओट्यावर बसलेली दिसायची. मी जळायची. दुसरा शब्द नाही त्याला.

ही नव्वदनंतरच्या वर्षांतली गोष्ट. जळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर होतं. नाशिकला बहिणीच्या नणंदेकडे राहून मी सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये लावलं होतं. सिस्टर आमच्या मागच्या गल्लीत दीड खोलीत भाड्यानं राहायच्या. मूळच्या भडगावच्या. एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, गल्लीच्या त्या सिस्टर. त्यांनी कसलाही कोर्स केला नव्हता. धाकट्या बहिणीचे केस एका पार्लरनं जाळले, तेव्हा हे नेमकं काय असतं ते बघायचं म्हणून त्यांनी केस सरळ करायच्या क्रीमचं खोकं आणलं आणि आतला कागद औषधाच्या कागदासारखा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तो कागद आम्हा कोर्सवाल्यांपैकी कोणीही कधी उघडलेला नव्हता.

दवाखान्यात पेशंटशी त्या अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलायच्या. घरी केसांसाठी आलेल्या बाईशी मात्र अहिराणी. "डोकाले काय काय लायेल शे, ते बठ्ठं सांगा. लाजू नका." मग पाऊण तास चौकशी. मेंदी कधी लावली, लोखंडी कढईत भिजवली होती का, काळी मेंदी होती का, डोकं खाजवलं का, बाळंतपण कधी झालं. बायका माझ्याशी सर्रास खोटं बोलायच्या. मेंदी लावून दोन दिवस झालेली बाई मला "छे हो, मी काही लावतच नाही" म्हणायची. सिस्टरसमोर मात्र त्या शाळेतल्या पोरींसारख्या सगळं ओकायच्या. त्या दीड खोलीतला चहा ज्या बायकांना काही ना काही कारणानं नको असायचा, त्याही आपलं डोकं बिनघोर त्यांच्या हाती द्यायच्या. मी तर चहाबरोबर बिस्किटं ठेवायची.

त्यांचं सांगणं एकच. क्रीम केसाला आतून मोडतं आणि मग सरळ उभं करतं. म्हणजे आधी केसात मोडून घेण्याइतकी ताकद पाहिजे. "आधी केसले खाऊ घाला, मंग मारा," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. त्या पंधरा दिवसांत आठवड्याला एकदा बोलावून नुसतं खाऊ घालणं चालायचं. पहिल्या खेपेला अंडं आणि दही. शाकाहारी घरातली बाई असेल तर अंड्याला सुट्टी, तिच्यासाठी घट्ट दही आणि भिजवलेल्या मेथ्यांचा वाटलेला गोळा. तिची वाटी वेगळी, कंगवा वेगळा, टॉवेलसुद्धा वेगळा, आणि हे सगळं कोणी मागितलेलं नसताना, कोणाला न सांगता. धुवायला माठातलं गार पाणी. दुसऱ्या खेपेला साय, कोरफड, नाहीतर मलमलच्या फडक्यातून गाळलेलं केळं. आमच्याकडे केळ्यांना काय तोटा? जळगावातली प्रत्येक बाई कधी ना कधी डोक्याला केळं फासून बसलेली असते आणि दोन दिवस केसांतून त्याचे कण वेचत असते. गाळून घ्यायचं मात्र फक्त सिस्टरला सुचलं. मला का सुचलं नाही?

मी शेवटी हेर पाठवला. शेजारच्या कुसुमताईंना म्हटलं, जा आणि काय काय करतात ते बघून या. कुसुमताई पहिल्या खेपेला गेल्या. अंडं, दही, शाकाहारी बाईच्या वेगळ्या वाट्या, सगळं बघून आल्या. दुसऱ्या खेपेच्या वेळी त्यांना फैजपूरला लेकीकडे जावं लागलं, त्यामुळे माझ्या हाती निम्मंच शास्त्र आलं. पण आपल्या हाती निम्मं आहे हे मला कुठे माहीत होतं? मी दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला अंडं लावलं आणि गार पाण्यानं काय निघणार म्हणून बंबातल्या कढत पाण्यानं धुतलं. अंडं केसांतच शिजलं. ती बाई माझ्या खुर्चीवरून डोक्यात भुर्जी घेऊन उठली, आणि तिला निस्तरायला कुठे जावं लागलं असेल ते सांगायला नको.

त्यानंतर मी जे केलं ते आजही लिहिताना हात थांबतो. बाजारपेठेतल्या एका कापडाच्या दुकानाच्या शेठाणी सुनांसकट सिस्टरकडे जायच्या. पक्क्या शाकाहारी, घरात कांदासुद्धा नाही. एका हळदीकुंकवाला त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "तुम्हाला चालतं वाटतं अंडं? सिस्टर डोक्याला अंडंच लावतात ना." शेठाणींच्या हातातली वाटी तशीच राहिली. वेगळी वाटी, वेगळा टॉवेल, मला सगळं माहीत होतं. कुसुमताईंनी खडान्‌खडा सांगितलं होतं. तरी मी पुढचं वाक्य बोलले नाही. महिन्याभरात बाजारपेठेतल्या सगळ्या बायकांनी सिस्टरकडे जाणं बंद केलं. त्या घराविषयी वाईट ऐकायला त्यातल्या कितीतरी जणी आधीपासून तयारच होत्या, हेही मला माहीत होतं आणि मी त्याचाच फायदा घेतला.

सिस्टर तरीही रस्त्यात भेटल्या की "कशा आहात ताई?" म्हणून विचारायच्या. त्यामुळे मला त्यांचा आणखीनच राग यायचा.

मग धुळ्याहून माझ्या भाचीचं पत्र आलं. मंजूचं, माझ्या सख्ख्या बहिणीच्या लेकीचं. लग्न ठरलं होतं, महिना-सव्वा महिना राहिला होता. तिचे केस कमरेपर्यंत, पण असे कुरळे की कंगव्याचे दात तुटावेत. सासूबाई बघायला आल्या तेव्हा "केस जरा माणसाळवा" म्हणून गेल्या होत्या. मंजूनं लिहिलं होतं, "मावशी, जळगावला कोणी सिस्टर आहेत म्हणे. मला त्यांच्याकडे नेशील का?" मी ते पत्र दोनदा वाचलं. मी पार्लर चालवते, मी हिची मावशी, हिचं जावळ माझ्या मांडीवर काढलं, आणि ही मला वाट दाखवायला सांगते! मी उलट टपाली कळवलं, "त्यांनी ते काम बंद केलं. तू ये, मी करते."

मंजू आली. मला सिस्टरपेक्षा सरस करून दाखवायचं होतं. त्या आठवड्याला एकदा अंडं लावतात ना, मी रोज लावलं. सलग आठ दिवस, माठातल्या गार पाण्यानं धुऊन. केस हाताला दणकट लागायला लागले, तारेसारखे. मी म्हटलं, बघा, काय ताकद आली आहे! नवव्या दिवशी क्रीम लावलं. पंधरा मिनिटांनी कंगवा फिरवला तर कंगव्याबरोबर केसांची बट आली. मी घाबरून तिचं डोकं नळाखाली धरलं. केस ताणले न जाता काडीसारखे तुटत होते आणि मोरीच्या जाळीवर काळा पुंजका साचत होता. मंजूनं मागे हात नेला, तो समोर आणून बघितला, आणि ती जी ओरडली ते माझ्या कानात अजून आहे. "मावशी, काय केलंस गं! मला सिस्टरकडे ने. त्यांनी बंद केलं असेल तरी ने."

मी तिला घेऊन मागच्या गल्लीत गेले. गल्ली चाळीस पावलांची, पण मला ती भडगावइतकी लांब वाटली. सिस्टर नुकत्याच ड्यूटीवरून येऊन बुद्धाच्या तसबिरीखाली जेवायला बसल्या होत्या. ताट बाजूला सारून उठल्या. मंजूचा एक केस घेऊन ताणला, तो लगेच तुटला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "दुसरं पाणी लावलं का?" क्रीमनंतर केस पुन्हा घट्ट करणारं ते औषध मी घाबरून लावायचंच विसरले होते. त्यांनी आधी ते लावलं, छातीवरचं उलटं घड्याळ बघत वेळ मोजली, गार पाण्यानं धुतलं. मग विचारलं, "खावाले काय घालं व्हतं?" मी सांगितलं, अंडं, रोज. सिस्टर खाली बसल्या. "रोज? आन साय? कोरफड?" मी नाही म्हटलं. "नुसत्या इटा रचीसन भीत उभी ऱ्हाई का, ताई? अंडानी केस कडक व्हस. त्याले वाकता यावाले बी पाहिजे."

मग त्यांनी कात्री घेतली. मंजूचे कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आणले. मंजू रडत होती आणि सिस्टर इंजेक्शन देताना बोलतात तशा तिच्याशी बोलत होत्या, हळू आणि सतत. पुढचे बारा दिवस मंजू रोज सकाळी त्यांच्या ड्यूटीआधी तिथे जायची. साय, कोरफड, गाळलेलं केळं. अंड्याचं नाव नाही, पातळ दही तेवढं एकदा. केस सरळ झाले नाहीत ते नाहीतच. पण तुटायचे थांबले, मऊ झाले, आणि खांद्यावर नुसती लाट उरली. ती खरं तर सरळ केसांपेक्षा छान दिसत होती. मंजू घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि बोलायची ते फक्त सिस्टरबद्दल. सिस्टर असं म्हणाल्या, सिस्टर तसं म्हणाल्या. माझ्या पोटात दुखायचं. मीच आग लावली आणि विझवणारीचा मला हेवा वाटत होता, म्हणजे बघा.

लग्नात गंगावन लावून मंजूचा मोठा अंबाडा घातला. कुणाला काही कळलं नाही. मंजूनं मला मांडवातच विचारलं, "सिस्टर नाही आल्या?" मी म्हटलं, "ड्यूटी होती." खरं म्हणजे त्यांच्या नावाची लग्नपत्रिका मंजूनं माझ्याकडे दिली होती आणि ती मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

पुढच्या वर्षी सिस्टरना सरकारी नोकरी लागली, नरडाण्याजवळच्या आरोग्य केंद्रात. त्या सामान बांधत होत्या तेव्हा मी गेले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. शेठाणींना काय बोलले, वाटी वेगळी असते हे माहीत असताना बोलले, सगळं सांगितलं. पत्रिकेचंही सांगितलं. सिस्टर भांडी पोत्यात भरत राहिल्या. "माहीत शे," त्या म्हणाल्या. "शेठाणीनी सूनच सांगी गयी. तवयच."

"मग मंजूचं का केलंत?"

"ते पोरनं डोकं व्हतं. तुम्हनं ऱ्हातं तं इचार करती." त्या हसल्या नाहीत. पोत्याचं तोंड बांधून म्हणाल्या, "आन ताई, हाई माले का सांगतस? ज्यासले सांगेल शे त्यासले जाईसन सांगा."

मी गेले शेठाणींकडे. पण लगेच नाही. सिस्टर जळगाव सोडून गेल्यावर आठ दिवसांनी गेले, म्हणजे खरं बोलून माझं काही जाणार नाही याची खात्री झाल्यावर. शेठाणींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, फार तर दोन शब्द सुनावतील आणि मग दुसरं कोण आहे म्हणून माझ्याकडेच येतील. त्या म्हणाल्या, "नरडाणा म्हणजे सुरतेच्या लाइनवर ना? पॅसेंजर थांबते तिथे." आणि सुनांना घेऊन त्या पुढच्याच रविवारी गेल्या. त्यांच्या मागे बाजारपेठेतल्या बाकीच्या गेल्या. डब्यात दही, मेथ्या घेऊन बायका केसांसाठी आगगाडीनं जातात हे मी जळगावातच बघितलं.

दोनेक वर्षांनी मीही त्या गाडीत बसले. कोणाला सांगितलं नाही. माझे केस तेव्हा मूठमूठ गळत होते. सिस्टरनी दार उघडलं, मला बघितलं, आणि पदराला हात पुसत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता विचार करताहेत. मग त्यांनी अंगणात पाट मांडला, मला समोर बसवलं आणि माझ्या केसांतल्या पिना एकेक करून काढल्या. इतकी वर्षं मी शेकडो डोकी हाताळली होती, पण माझं डोकं कोणी असं हातात घेतलं नव्हतं. बोटं घाई करत नव्हती, काही लपवत नव्हती. कुठे दुखतंय ते माझ्या आधी त्यांना कळत होतं. बायका इतक्या लांब का येतात ते मला समजलं आणि मला रडू आलं. सिस्टरना वाटलं, केस ओढला गेला. "दुखनं का, ताई?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात ना माफी मागायची इच्छा होती, ना उपकारांची जाणीव. एवढंच होतं, की हे हात माझे असायला हवे होते.