फुटका मोदक

प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. हे मला डोंबिवलीच्या एका लहानशा हॉस्पिटलात, ऐन गणपतीच्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली होती. माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या छातीत मला नुसत्या बरगड्या दिसल्या.

"काही नाहीये ना?" मी विचारलं.

"दिसत नाहीये," ते म्हणाले.

या दोन वाक्यांतला फरक लक्षात यायला मला जरा वेळ लागला. 

मी मुळातच भित्री. दूध उतू गेलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. सासूबाई म्हणायच्या, "मन चिंती ते वैरी न चिंती. आणि तुझं मन तर वैऱ्याचाही बाप." मी कुकरला भ्यायचे, जिन्याला भ्यायचे, गच्चीच्या कठड्याला, भटक्या कुत्र्यांना, मानपाडा रोडवरच्या टँकरना भ्यायचे. लेक झाल्यापासून तर विचारूच नका. पण ठोकळ्यांना भ्यावं हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उलट ते मीच हौसेने जमवले होते.

ठोकळे म्हणजे एकमेकांत टक्कन बसणारे, डोक्यावर टेंगळं असलेले परदेशी ब्लॉक्स. माझा दीर अमेरिकेत होता. त्याने तिथल्या कुणाचे तरी वापरलेले, पिशवीभर, कॉम्प्युटरवरच्या लिलावात घेऊन आमच्याकडे पाठवले. खोका नाही, चित्रांचं पुस्तक नाही, नुसती खिचडी. कुठला तुकडा कशाचा, काही पत्ता लागेना. दिराने कळवलं, "वहिनी, इंटरनेटवर एक बाजार आहे. तिथे लोक हे तुकडे सुटे विकतात. प्रत्येकाचं चित्र असतं, नंबर असतो. तिथे बघून ओळखा, आणि काही हवं असलं तर नंबर सांगा, मी इथून घेतो."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. स्टेशनजवळ नवंनवं सायबर कॅफे निघालं होतं. ऑफिसातून येताना मी तिथे शिरायचे. पर्समध्ये दोनचार ठोकळे असायचे. पडद्यावर चित्र वरून खाली ओळीओळीने उतरायचं आणि निम्म्यावर लाइन तुटायची. तेवढ्यात मी तुकडा पडद्याला लावून जुळतोय का ते बघायचे. कॅफेवाला म्हणायचा, "मॅडम, प्लीज, स्क्रीनला घासू नका." आजूबाजूचे लोक नोकरीचे अर्ज पाठवत बसलेले आणि ही बाई टेंगळं मोजतेय. पण एखादा तुकडा नेमका जुळला की मला इतका आनंद व्हायचा की घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात हसत असायचे. नवरा म्हणायचा, "लेकीचं नाव आणि आईचा खेळ." खोटं नव्हतं ते.

त्या बाजारातली इंग्रजी नावं आमच्या घरात टिकली नाहीत. लेकीने सगळ्यांचं बारसं केलं. चपटा तो पापड. लांबट तो पाट. एका टेंगळाचा गोल, तो बत्तासा. आणि वर निमुळता होत गेलेला, करंगळीच्या पेराहून लहान, तो मोदक.

पिशवीतले मोदक लाल-निळे होते. "मोदक पांढरा असतो, आई," ती म्हणाली. आता यावर काय बोलणार? मी पांढरे शोधले. एकाच विक्रेत्याकडे पुरेसे मिळेनात, म्हणून दोघांकडून मागवले. पडद्यावर दोघांचे अगदी सारखे दिसत होते. काही महिन्यांनी कुणाच्या तरी बॅगेतून ते आले तेव्हा कळलं की एकाचे मोदक टोकाला बंद आहेत आणि दुसऱ्याच्या मोदकांना टोकापासून खालपर्यंत आरपार भोक आहे. चित्रावरून माल घेतला की असंच होतं, म्हणून मी चरफडले. लेकीने शांतपणे दोन ढीग केले. बंद टोकाचे ते चांगले मोदक, भोकाचे ते फुटके मोदक.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. त्या सकाळी मी उकडीचे मोदक वळत होते आणि लेक माझ्या पायांत घुटमळत होती. वाफवताना काही मोदक उलतातच. उललेला मोदक देवाच्या ताटात जात नाही. तो बाजूला वाटीत ठेवायचा आणि नैवेद्य झाला की मागाहून घरातल्या बाईने खायचा, ही घरोघरची रीत. नैवेद्य, आरती झाल्यावर मी ओट्याशी उभ्याउभ्याच माझी वाटी संपवली आणि पानं वाढायला घेतली. लेकीला ओलं खोबरं आवडत नाही, त्यामुळे मोदकांच्या बाबतीत ती अगदीच नास्तिक होती. वरणभाताचे दोन घास खाऊन ती उठली आणि टेबलाखाली जाऊन बसली. तिथे तिने ठोकळ्यांचा स्वतःचा गणपती बसवला होता.

थोड्या वेळाने तिला ठसका लागला. सासूबाई पाठीवरून हात फिरवत "वर बघ, वर बघ" म्हणत राहिल्या. ठसका थांबला. डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढंच.

"काय गं खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"मोदक खाल्ला. प्रसादाचा."

सासूबाईंना कोण आनंद झाला. "ऐकलंस का? पोरीने मोदक खाल्ला. प्रसाद टाकू नये म्हणून सांगत होते, ते ऐकलं हो शहाणीने."

मीही हसले. हसतहसत पानं उचलायला लागले. लेकीच्या ताटलीत वरणभाताशेजारी तिचा मोदक तसाच होता. अख्खा. त्यावरचं तूपसुद्धा मोडलेलं नव्हतं.

मी ती ताटली तशीच खाली ठेवली. मग मी टेबलाखाली वाकून बघितलं. ठोकळ्यांच्या गणपतीसमोर पापड मांडलेला होता आणि पापडावर पांढरे मोदक. मी लेकीला ओढून घेतलं आणि तिच्या छातीला कान लावला. आत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवत होतं. प्रत्येक श्वासाला.

तर अशा रीतीने आम्ही त्या एक्स-रेसमोर येऊन उभे राहिलो होतो.

डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली. "उजवीकडे हवा कमी जातेय. तुकडा तिकडेच असणार. ठाण्याला न्या, तिथे दुर्बीण घालून काढतात. मी फोन करून ठेवतो. तुकडा भरीव आहे का?"

"खालून पोकळ असतो. टोकाला काही बंद असतात, काहींना आरपार भोक असतं."

"हिने गिळलाय तो कुठला?"

मला सांगता येईना.

"भोकाचा असेल तर थोडीफार हवा जात राहील," ते म्हणाले. "बंद असेल, आणि खोकल्याने वर सरकून मधेच अडकला..." ते थांबले. मला त्यांनी वाक्य पुरं करायला हवं होतं आणि नकोही होतं. "कुठला ते नीट बघा आणि अगदी तसाच तुकडा ठाण्याला घेऊन जा. चिमट्याने कुठे धरायचा ते त्यांना आधी बघता येईल."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळे ठोकळे सारखेच. "तू घरी जा," तो म्हणाला. "मी हिच्याबरोबर जातो. मला नाही गं कळणार त्यातलं."

लेकीला अँब्युलन्समध्ये घालून मी उलट्या दिशेला गेले. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. ती रडत नव्हती. रडलीस तर खोकला येईल असं मीच तिला दटावलं होतं, आणि ती ओठ घट्ट मिटून नुसती माझ्याकडे बघत होती. आपण परत येऊ तेव्हा ही असेल ना, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता आणि तो मी कुणाला सांगू शकत नव्हते.

घरी सासूबाई गणपतीसमोर बसून होत्या. मी थेट टेबलाखाली शिरले. पापडावरचे सगळे मोदक बंद टोकाचे होते. फुटक्यांचा ढीग मागे डब्याच्या झाकणात होता. कुठले किती होते, काही केल्या आठवेना. इतकी चित्रं ताडून बघणारी मी, पण मोजून ठेवायचं कधी सुचलं नव्हतं.

मग मी लेकीच्या डोक्याने विचार केला. तिने प्रसाद खाल्ला. प्रसाद म्हणजे देवापुढचा. आणि देवापुढे फुटका ठेवत नाहीत, हे तिला माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तिच्या छातीत होता तो चांगला मोदक. बंद.

मी एक चांगला मोदक उजव्या मुठीत घेतला. फुटकाही एक घेतला, डाव्या मुठीत. तो का घेतला ते सांगायला नकोच.

रिक्षावाल्याला नुसतं "ठाणं, हॉस्पिटल" म्हटलं. माझं तोंड बघून त्याने एवढंच सांगितलं, "ताई, शीळफाट्याला जाम असणार. आतून काढता आली तर काढतो." आली नाही. पुढे गणपतीचा ट्रक, त्यापुढे ढोल. लोक मोरया म्हणत होते. मी हात जोडले नाहीत. मला मुठी उघडायच्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर देवाचा फार राग आला होता. त्या ढोलाच्या आवाजात मी ती शिट्टी ऐकायचा प्रयत्न करत होते, जणू ती तिथवर ऐकू येणार होती.

ठाण्याला लेकीला आत घेतलं होतं. नवरा दाराशी उभा होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मी दोन्ही मुठी उघडल्या.

"यातला कुठला?"

"बंद," मी म्हटलं. "नक्की."

त्यांनी बंद मोदकावर चिमटा लावून बघितला. गुळगुळीत पाठीवरून तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मग तुकडा उलटा करून त्यांनी खालची कड धरली. "बघू या," म्हणाल्या आणि दार लागलं. नवऱ्याने माझा हात धरला होता. त्याचा हात माझ्यापेक्षा गार होता.

दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता आधी त्यांच्या हाताकडे बघितलं. स्टीलच्या वाटीत पांढरा तुकडा होता.

"निघाला. ठीक आहे ती," त्या म्हणाल्या. "आणि भोकाचा आहे बरं का. म्हणून निभावलं. बंद असता तर इथवर येणं कठीण होतं."

 मी म्हटलं, "असं होणारच नाही. फुटका ती देवाला ठेवणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "अगं, वाचली ना? मग फुटका काय नि चांगला काय."

लेक घरी आली तोवर शेजाऱ्यांनी आमच्या गणपतीचं विसर्जन करून टाकलं होतं. तिचा गणपती टेबलाखाली तसाच होता. तिचा घसा बसला होता. ती मांडीवर बसल्यावर मी शेवटी विचारलंच. "देवाला फुटका मोदक ठेवला होतास का गं?"

"नाही काही," ती रागावून म्हणाली. "देवाला सगळे चांगलेच ठेवलेले."

"मग तू कुठला खाल्लास?"

"फुटका. फुटका आईने खायचा असतो ना," ती म्हणाली. "मी आई झालेले."

सासूबाई पदराने डोळे पुसत "देव तारी त्याला कोण मारी" म्हणत होत्या. मी लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या छातीला कान लावला. शिट्टी नव्हती. तरी मी बराच वेळ कान काढला नाही.