आमच्या झेंड्याखालचं जहाज

अबुधाबीत मी सहा वर्षं एका परक्या देशाच्या दूतावासात नोकरी केली. तो देश मी कधी पाहिला नाही. समुद्रात विखुरलेली थोडी बेटं, मासेमारी, नारळ, एक विमानतळ, एवढंच त्याच्याबद्दल मला ठाऊक होतं, आणि तेही राजदूतांच्या तोंडून. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नवरा मुसफ्फा या औद्योगिक वस्तीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात इंजिनिअर होता, मुलगी शाळेत जायला लागली होती आणि पुण्यात सोडून आलेली सेक्रेटरीची नोकरी मला आठवत राहायची. पेपरात जाहिरात दिसली, मी अर्ज केला, आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

दूतावास म्हणजे एका गल्लीतला भाड्याचा व्हिला. राजदूत, मी आणि अर्धा दिवस येणारा एक ड्रायव्हर, एवढाच स्टाफ. राजदूत साठीच्या आसपासचे, पूर्वी आपल्या बेटावरच्या शाळेत भूगोल शिकवणारे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात त्यांचा देश छापलेलाच नव्हता. त्यांनी बॉलपेननं पाच-सहा ठिपके काढून ठेवले होते. नवरा थट्टेनं म्हणायचा, तुमच्या अख्ख्या देशापेक्षा आमच्या मुसफ्फ्यातल्या मजुरांच्या कॅम्पांत जास्त माणसं राहत असतील. मी हे एकदा राजदूतांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, खरं असेल.

लहान देशाचं परराष्ट्र धोरण म्हणजे काय असतं ते मला तिथे कळलं. ते बहुतेक वेळा वाट पाहणं असतं. मोठ्या देशाच्या राजदूताला इथल्या परराष्ट्र खात्यात ज्या दिवशी भेटीची वेळ मिळायची, त्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या साहेबांना मिळायची, आणि ऐन वेळी पुढे ढकलली जायची. इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात, असा निरोप यायचा. राष्ट्रीय दिनाला आम्ही सत्तर आमंत्रणं पाठवायचो आणि पंचवीस माणसं यायची. उरलेले समोसे मी घरी आणायचे. मग कधी तरी जागतिक सभेत कुठल्या तरी ठरावावर मतदान असायचं, आणि त्या आठवड्यात आमचा फोन सारखा वाजायचा. बेटं कितीही लहान असली तरी मत एक म्हणजे एकच. राजदूत म्हणायचे, आमच्याकडे विकण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत मॅडम, एक मत आणि दुसरा झेंडा.

झेंड्याचं मला आधी कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. कुठल्याही देशाचा जहाजमालक फी भरून आमच्या देशात जहाज नोंदवू शकत होता. जहाज आमच्या बेटांजवळून कधी गेलेलं नसलं तरी त्यावर झेंडा आमचा आणि कायद्यानं जबाबदारीही आमची. नोंदणीचं काम आमचं सरकारसुद्धा करत नसे. ते तिसऱ्याच देशातल्या एका खासगी कचेरीकडे दिलेलं होतं.

एका शनिवारी सकाळी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, मी फोन उचलला. पलीकडून कोणी तरी तुटक इंग्रजीत जहाजाचं नाव सांगत होतं. आवाजाचा ढंग ऐकून मी हिंदीत विचारलं, तुम्ही कुठले. तो म्हणाला, रत्नागिरी. मग मी मराठीतच बोलायला लागले.  तो म्हणाला, "बाय, तू आपली हायस? मग आता आमचं काम झालं."

तो जहाजावरचा स्वयंपाकी होता, ज्याला खलाशी भंडारी म्हणतात. शारजाच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर त्यांचं जहाज चार महिने नांगरून पडलं होतं. मालकानं फोन उचलणं बंद केलं होतं. जहाजावर बारा माणसं, सगळी भारतीय. कप्तान आजारपणाचं निमित्त करून आधीच उतरला होता. जनरेटरला डिझेल नव्हतं. पाणी घेऊन येणारा एक बलुची लाँचवाला आपला मोबाइल वापरायला देत होता, त्यावरूनच हा फोन होता. किनाऱ्यावर उतरायला परवानगी मिळत नव्हती, कारण नांगरलेलं जहाज माणसांशिवाय सोडता येत नाही. आपल्या भारतीय वकिलातीतल्या माणसानं त्यांना नीट सांगितलं होतं की आम्ही तिकिटं काढू, घरी पोचवू, पण आधी ज्या देशाचा झेंडा आहे त्यानं जहाजाची जबाबदारी घेतल्याचं पत्र द्यायला हवं. म्हणून त्यानं आमचा नंबर शोधला होता.

मी आत जाऊन राजदूतांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, जहाजाचं नाव दोनदा विचारलं, आणि लगेच पत्राचा ड्राफ्ट सांगायला सुरुवात केली. दूतावास सादर अभिवादन करून कळवतो की, अशीच आमची सगळी पत्रं सुरू व्हायची. पण त्यांना सहीआधी राजधानीची मंजुरी लागत होती. फॅक्स गेला. तीन दिवसांनी उत्तर आलं की नोंदणी कचेरीला विचारा. नोंदणी कचेरीनं कळवलं की मालकाला विचारा. मालकाच्या फॅक्सवर नुसतीच घंटा वाजत राहिली.

भंडारी दर तीन-चार दिवसांनी फोन करायचा. लाँचवाला घाईत असे, त्यामुळे बोलणं दोन-तीन मिनिटांत आटपायचं. तो कधी ओरडला नाही. आज भात होता, आज नव्हता, असं सांगायचा. पोरं वेड्यासारखी करतायत, एकानं उडी मारायचं म्हटलं, त्याला बांधून ठेवला, असं एकदा म्हणाला. मी दर वेळी सांगायचे की पत्र तयार आहे, फक्त सही व्हायचीय. ते खरं होतं. पत्र माझ्या टेबलाच्या वरच्याच ड्रॉवरमध्ये होतं.

पाचव्या की सहाव्या फोनला त्यानं पायाचं सांगितलं. पत्र्याचा काठ लागून टाच कापली होती. त्याला साखरेचा आजार होता आणि गोळ्या संपून महिना झाला होता. जखम काळी पडतेय, वास येतोय, असं तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला आधी समजलंच नाही. त्या दिवशी मी राजदूतांना म्हटलं, सर, तुम्ही मंजुरीशिवायच सही करा. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. म्हणाले, शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही तर करतो. मधे गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे होते.

त्या सुट्टीत त्याला ताप चढला आणि शुद्ध जाऊ लागली. तटरक्षकांच्या बोटीनं त्याला एकट्याला उतरवून शारजाच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. आपल्या वकिलातीतून मला तसा फोन आला. शुक्रवारी संध्याकाळी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली. मुलगी मागच्या सीटवरून विचारत होती, "इज ही अवर रिलेटिव्ह?" मी नाही म्हटलं, आणि मग उगाच म्हटलं, हो.

मला वाटलं होतं त्यापेक्षा तो लहानखुरा होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. गुडघ्याखाली पाय काढून टाकलेला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं उठायचा प्रयत्न केला. मी केळी आणि पाव नेला होता. त्यानं जहाजावरच्या अकरा जणांचं विचारलं, पत्राचं विचारलं. मी म्हटलं, होईल. मग तो म्हणाला, "बाय, तू कधी गेलीस त्या देशात?"

"नाही."

"मी पण नाय. दोन वर्षं त्याचा झेंडा मीच सकाळी चढवायचो. कप्तान सांगायचा म्हणून. कसा हाय तो देश?"

मी त्याला राजदूतांकडून ऐकलेलं सांगितलं. नारळाची झाडं, होड्या, पांढरी वाळू. तो म्हणाला, म्हंजे आमच्या गावासारखाच की. मग डोळे मिटून पडून राहिला. मी निघाले तेव्हा तो जागा होता की झोपला होता ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी मी ऑफिसात पोचले तेव्हा राजदूत आधीच आलेले होते. फॅक्सवर राजधानीचं उत्तर होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दार लावलं. जहाज आमच्या नोंदणीतून काढून टाकलं आहे, असं पत्र बंदराच्या कचेरीला द्यायचं होतं. कारण द्यायचं नव्हतं. तारीख मात्र मागची टाकायची होती, सहा महिन्यांपूर्वीची, म्हणजे जहाज नांगरलं त्याच्याही आधीची.

मी म्हटलं, "सर, त्या तारखेला जहाज आपलंच होतं."

त्यांनी सांगितलं ते असं. ज्या देशात तो मालक राहत होता, तो देश त्यांच्या बेटावर बंदर बांधून देणार होता. बंदर म्हणजे फार काही नव्हे, लाटा अडवणारी एक भिंत आणि धक्का. मालक तिथल्या कोण्या मंत्र्याचा मेहुणा होता. जहाजाचा बोभाटा झाला तर करार लांबणार, असं राजधानीला कळवण्यात आलं होतं.

"आमच्याकडे दर वादळात होड्या फुटतात, मॅडम," ते म्हणाले. "माणसं जातात. त्यातली निम्मी माझ्या वर्गात बसलेली होती. मला त्यांची नावं पाठ आहेत. तुमच्या माणसाचंही नाव मला माहीत आहे. दोन्हीकडचं माहीत असून मी काय करू, ते तुम्ही सांगा."

 मी टाईप करायला बसले. दूतावास सादर अभिवादन करून कळवतो की. तारखेपाशी माझी बोटं थांबली, एवढंच. मग मी ती तारीख टाकली. राजदूतांनी सही केली, शिक्का मी मारला. आधीचं पत्र त्यांनी ड्रॉवरमधून मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं फाडलं. मी तेव्हा उठून जायला हवं होतं, असं पुढे मी कितीदा तरी मनाशी म्हटलं. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता, माझी नोकरी गेली असती तरी आम्हाला कोणी देशाबाहेर काढणार नव्हतं. म्हणजे भीतीचंही कारण नव्हतं. सांगितलेलं काम करायची सवय होती, बस.

त्यानंतर चार दिवसांनी भंडारी गेला. विष अंगभर पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी आणला असता तर कदाचित पायही वाचला असता. बाकीचे अकरा जण आणखी तीन महिने त्या बेवारशी जहाजावर राहिले. आता त्याला कुठल्याच देशाचा झेंडा नव्हता. शेवटी आपल्या वकिलातीनं आणि शारजातल्या काही भल्या लोकांनी खटपट करून त्यांना विमानात बसवलं. मला कोणी दोष दिला नाही. मी काय टाईप केलं ते कोणाला माहीतच नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, तू टायपिस्ट आहेस, राजदूत नाहीस. त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं.

बंदर झालं नाही. वर्षभरात बेटांवर सरकार बदललं, नव्या सरकारनं दुसऱ्या एका मोठ्या देशाशी सूत जुळवलं, आणि बंदर बांधणारे आपली यंत्रं घेऊन निघून गेले. राजदूतांना परत बोलावलं. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले, आणि हात मिळवून गेले. त्यांच्या जागी एक तरुण अधिकारी आला. त्याला दूतावास लवकरात लवकर बंद करायचा हुकूम होता. तरी त्यात दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांतच रत्नागिरीहून एक पत्र आलं. भंडाऱ्याच्या मुलीनं लिहिलं होतं, वहीच्या पानावर, वळणदार अक्षरात. पप्पा तुमचं नाव घ्यायचे, फोनवर सांगायचे की तिथे आपली एक बाई आहे. भरपाईसाठी मृत्यूच्या दाखल्याबरोबर जहाज कोणत्या देशाचं होतं त्याचा कागद लागतो, तो कृपा करून पाठवा. सगळे म्हणतात जहाज कुठल्याच देशाचं नव्हतं. असं कसं असेल?

मी ते पत्र इंग्रजीत उतरवून नव्या अधिकाऱ्यापुढे ठेवलं. त्यानं फाईल मागवली, मीच टाईप केलेलं पत्र वाचलं, तारीख बघितली. म्हणाला, त्या वेळी ते जहाज आमचं नव्हतं, मग आपण कसं लिहिणार? आणि मुलीचं मूळ पत्र मला परत दिलं.

मला तिला मराठीत खरं लिहिता आलं असतं. त्या तारखेचं, त्या शिक्क्याचं. तीन वेळा लिहायला बसले. पहिल्या दोन ओळींत तब्येतीची विचारपूस व्हायची, आणि पुढे काही सुचायचं नाही. दूतावास बंद झाला, आम्ही दुबईला राहायला गेलो, पत्र सामानात कुठे तरी गेलं. तिला मी उत्तर पाठवलं नाही.