दाखला घेऊन निघालेल्या नलूताई

हॉस्पिटलमधून नलूताईंच्या मुलीचा, मेधाचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांचा फ्लॅट आमच्या समोरचाच. अजूनही जिना चढून आले की पाय आधी त्यांच्या दाराकडे वळतात.

सहा वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून गुडगावला आलो, तेव्हा सोसायटीच्या तीन बाजूंना मोहरीची शेतं होती आणि चौथ्या बाजूला एक उंच इमारत उभी राहत होती. नवऱ्याची कंपनी नवी, घर नवं, ओळखीचं कुणीच नाही. नलूताई दिल्लीतल्या सरकारी नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, माझ्याबरोबर जरा सरकारी शाळेत चल. माझा आवाज लगेच चढतो. तू गोड बोलशील."

नाव घालायचं होतं फूलमतीचं. तिचे आईवडील त्या इमारतीवर विटा वाहायचे. जन्मदाखला नाही, आणि पत्ता म्हणाल तर पत्र्याची खोपी. हेडमास्तरांनी तिला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. बोटं काही कानापर्यंत पोचेनात. "छह साल की नहीं हुई," ते म्हणाले. नलूताईंनी तिची हनुवटी धरली. "हँस बेटा." ती हसली, तर पुढचे दोन दुधाचे दात पडलेले. "मास्टरजी, दाँत भी देखिए. जिसे पेट भर खाना नहीं मिला, उसका हाथ कहाँ से लंबा होगा?" मला गोड बोलायची वेळच आली नाही... मास्तर वाईट नव्हते. त्यांची अडचण निराळीच होती. "बिल्डिंग बनते ही ये लोग चले जाएँगे, मैडम. आज नाम चढ़ाओ, कल काटो." "जाएँगे तो मैं पीछे जाऊँगी," नलूताई म्हणाल्या. मला वाटलं, बोलण्याच्या भरात बोलल्या. फूलमतीच्या आईला आठवेल तसं वय लिहून त्यांनी प्रतिज्ञापत्र करून आणलं आणि त्याच आठवड्यात मुलगी पहिलीत बसली.

वर्ष सरता सरता इमारत पूर्ण झाली. एका रविवारी ठेकेदाराने सगळ्यांना ट्रकमध्ये भरून नोएडाला नेलं. सोमवारी फूलमती शाळेत नाही म्हटल्यावर नलूताईंनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागून घेतला. "नोएडात शोधणार कुठे?" मी विचारलं. "जिथे नवं बांधकाम, तिथे," त्या म्हणाल्या. तेव्हाच्या नोएडात नवं बांधकाम नाही अशी जागाच नव्हती! तीन आठवडे त्या बस बदलत, धूळ खात हिंडल्या. शेवटच्या खेपेला मीही होते. वाळूच्या ढिगावर फूलमती धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसली होती. नलूताईंना बघताच ती उठून उभी राहिली. नमस्ते नाही, काही नाही. "भूली नहीं हूँ, आंटी," म्हणाली आणि एका दमात तिने चारचा पाढा म्हणून दाखवला. चार दाहे चाळीसपर्यंत. हेडमास्तरांसमोर न डगमगणाऱ्या नलूताई तिथेच वाळूत बसल्या आणि तोंड फिरवून चष्मा पुसू लागल्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या शाळेत तिचं नाव लागलं.

अशी पुढे कितीतरी मुलं... सगळीच सापडली नाहीत. न सापडलेल्यांबद्दल त्या बोलत नसत. मीही विचारलं नाही.

गेल्या शनिवारी मेधाला सामान आवरायला मदत करत होते. बेल वाजली. दारात एक बाई, हाताशी सात-आठ वर्षांची मुलगी. "मास्टरजी बोले, मराठी आंटी फॉर्म भर देंगी." मेधाने माझ्याकडे पाहिलं. आंटी आता नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण दोघी उन्हातून चालत आल्या होत्या. म्हटलं, आधी पाणी तर देऊ. मग बाईला समोरच्या खुर्चीत बसवून मी टेबलाशी नलूताईंच्या खुर्चीत बसले. फॉर्म भरताना त्यांची एक सवय होती. मुलाचं नाव नंतर. आधी आईला तिचं स्वतःचं नाव विचारायच्या.

"तुम्हारा नाम?" मी विचारलं.

बाईने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेरा?"

"हाँ, तुम्हारा."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्चीत नीट सरसावून बसत म्हणाली, "रामरती."