विटकरी जर्सीचे सभासद

सभासद पहिल्या भेटीत नाव सांगत नसत, सभासदत्व सांगत. आखातातल्या अबू हलीफा गावातल्या एका इमारतीत मी नवीन राहायला आलो, तेव्हा लिफ्टमध्ये एका जाड मिशीच्या गृहस्थांनी मला विचारलं, फुटबॉल बघता का? बघतो म्हटलं. त्यावर त्यांनी पाकिटातून एक झिजलेलं कार्ड काढून माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, "मी सभासद आहे." कार्डावरची भाषा स्पॅनिश, फोटोतला माणूस बिनमिशीचा. हे नक्की विमा विकतात, असं समजून मी घाईघाईनं घरात शिरलो आणि दाराला कडी लावली.

माणूस सांगलीकडचा, पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनियर. तरुणपणी एका रिफायनरीच्या कामासाठी ते दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदराच्या गावी राहिले होते. तिथल्या मुकादमानं त्यांना एका रविवारी मैदानावर नेलं आणि क्लबाचं सभासद करून टाकलं. तेव्हापासून ते वर्गणी भरत आलेले. क्लबाचं नाव सांगत नाही. सांगूनही तुम्हाला बोध व्हायचा नाही, मलाही झाला नव्हता. बंदरातल्या हमालांनी काढलेला क्लब. जहाजाला गंज चढू नये म्हणून लावतात तो विटकरी रंग उरला, त्यात पहिले सदरे रंगवले म्हणे, आणि तोच जर्सीचा रंग ठरला. क्लबाला मालक नाही. सभासदांची सभा भरते, हात वर करून ठराव होतात. "म्हणजे आपला साखर कारखानाच की हो," सभासद म्हणायचे. "फक्त साखर निघत नाही." गोलही फारसे निघत नसत, पण ते मी मनात म्हणायचो.

माझं काय सांगू? मी युरोपातल्या बड्या क्लबांचा कट्टर भक्त. कुठल्या क्लबाचा, ते त्या वर्षी कोण जिंकतंय त्यावर. कपाटात चार रंगांच्या जर्सी, आणि चारही अंगात घालून मी तितक्याच तावातावानं भांडलेलो. सभासदांनी ते कपाट एकदा पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "नाशिककर, गिऱ्हाईक दुकान बदलतं. ज्याचं दुकान आहे तो कुठं जाईल?" मी मोठ्यानं हसलो.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे सामना असायचा. चेंडू गोलपाशी गेला की चित्र हमखास अडकायचं. वहिनी गरम खबूसच्या रोटीवर तेल आणि शेंगदाण्याची चटणी घालून द्यायच्या, त्याच्या ओढीनं मी जायचो. क्लब हरायचा. पण तिथली माणसं हरल्यावर घरी जात नसत; आपला शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत उभं राहून टाळ्या वाजवायची. मग इकडेही तीच रीत. सभासद उभे, वहिनी उलथनं घेऊन उभ्या, आणि मी तोंडात घास घेऊन उभा. एकदा खालचे इजिप्शियन शेजारी 'मबरूक' म्हणायला वर आले. आम्ही जिंकलो, असा त्यांचा समज. आम्ही त्यांनाही चटणी खायला घातली आणि समज तसाच ठेवला.

मग एक दिवस सभासदांनी लिफ्टमध्ये मला बातमी सांगितली. एका उद्योगपतीला क्लब विकत हवा होता. त्याच्या अटी दोन: नाव त्याच्या कंपनीचं आणि जर्सी निळी. त्यासाठी खास सभा बोलावली होती, आणि मत द्यायचं तर स्वतः हजर राहायला हवं होतं. सभासदांची वार्षिक रजा नेमकी तेव्हाच. सांगलीची तिकिटं काढलेली. ते आपलं तिकीट बदलायला निघाले, तेव्हा त्यांची समजूत घालायला वहिनींनी मला बोलावलं.

मी काय, आयताच शहाणा. मी त्यांना सांगितलं की निकाल ठरल्यात जमा आहे, एका मतानं काही होत नाही, आणि हरायलाच जायचं तर अर्धी पृथ्वी कशाला ओलांडायची? फार मुद्देसूद बोललो. स्वतःवरच खूश झालो. सभासदांनी सगळं ऐकून घेतलं, "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि बॅग भरायला उठले. वहिनींनी माझ्याकडे बघून उसासा टाकला आणि चटणीचा डबा बॅगेत ठेवला. त्या एकट्याच सांगलीला गेल्या.

रजा संपवून सभासद परतले, तेव्हा मी सांत्वनाची चार वाक्यं पाठ करूनच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्वतः चहा केला आणि सगळं सांगितलं. खेळाडूंचे पगार थकलेले, छप्पर गळतंय, लोक थकून गेलेले. आपलीच म्हातारी माणसं एका हातानं डोळे पुसत दुसरा हात विक्रीच्या बाजूनं वर करत होती. मग अध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? एकच हात वर गेला. सगळं सभागृह मागं वळून मिशीवाल्या सांगलीकराकडे बघत राहिलं.

"मग एवढं जाऊन मिळालं काय?" मी विचारलं.

सभासदांना माझी कीव आली असावी. "अहो, मी गेलो नसतो तर त्यांनी काय लिहिलं असतं? ठराव एकमतानं मंजूर." त्यांनी कप खाली ठेवला. "आता तसं कुणाला लिहिता येणार नाही."

सांत्वन करायला गेलो होतो मी, आणि मला चक्क रडू आलं. चहा फार गरम आहे, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली.

यंदा सभासद निवृत्त होऊन कायमचे सांगलीला गेले. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो. नव्या मालकानं जुन्या सभासदांची कार्डं राहू दिली आहेत, मताचा हक्क तेवढा काढून घेतला आहे. क्लब आता निळ्या जर्सीत खेळतो आणि चांगला जिंकतो. सामान गाडीवर चढवताना मी भीतभीत विचारलं, आता सामने बघता की सोडलं?

"सोडतोय कशाला?" सभासद म्हणाले. "विरोधात मत दिलेल्या सभासदानं तर जास्तच लक्ष ठेवायला लागतं."