मामूचा राग, माझी तक्रार

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. मामूचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. गेल्या वर्षी मामू गेला. सौदीत जुबैलच्या आमच्या प्लांटवरचे सोबती भेटले की अजून म्हणतात, "मामूला त्याचा राग नडला, नोकरी घालवून बसला." हे खोटं आहे. ते मीच पसरवलं.

मामू आमचा फोरमन, रत्नागिरीकडचा. चिडला की आधी हेल्मेट काढून बगलेत धरायचा, मग आवाज असा चढायचा की कंप्रेसरही दबावा. आणि ज्याच्यावर ओरडला त्याच्यासाठी अर्ध्या तासानं स्वतः सुलेमानी चहा घेऊन जायचा. पट्टा न लावता उंचावर चढलेल्या एका फिटरला त्यानं असंच झाडलं आणि चहा देताना म्हणाला, "राग कसला रे? भ्यालो मी. तुझ्या आईला फोन काय मी करू?"

टाकीत माणसं उतरवण्याआधी आतला ऑक्सिजन मोजून परमिटवर सही करायची, हे माझं काम. त्या दुपारी उन्हात जायचा मला कंटाळा आला. एसीत बसून मी सकाळचाच आकडा लिहिला. मामूनं स्वतः मोजलं, तर ऑक्सिजन कमी. आत उतरणारे दोघं शिडीवर होते, त्यांना त्यानं कॉलर धरून बाहेर ओढलं आणि माझ्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर परमिट फाडलं.

"साहेब, तुमच्या सहीवर माणसं उतरतात. लाज नाय वाटत?"

वाटत होती. लाजच वाटत होती. पण ती कबूल करण्यापेक्षा चिडणं सोपं होतं. मी तक्रार लिहिली: फोरमननं शिवीगाळ केली, परमिट फाडलं. का फाडलं, ते गाळलं. शिडीवरच्या दोघांना कुणी विचारलं नाही, आणि ज्याला इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, टिकवायचा असतो तो आपणहून बोलत नाही. आठवड्यात मामूला खुरूज मिळालं, म्हणजे कायमचं परत. त्याच्या तीन मुली तेव्हा शिकत होत्या.

त्या तक्रारीतलं माझं सफाईदार इंग्रजी आठवलं की अजून दात आवळतात. ओरडावं, तर समोर कुणी नाही.

जायच्या दिवशी मामू बॅग घेऊन मला शोधत आला.

"साहेब, चारचौघांत बोललो तुम्हाला. ते माझं चुकलं. माफी असावी."

मी तोंड उघडलं. गाडीवाला "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होता. माफी कुणी मागायची, हे आम्हा दोघांतल्या एकालाच ठाऊक होतं.

"असू दे, मामू," मी म्हणालो. "झालं ते झालं."

मी त्याला माफ केलं.