बोकडाच्या पोटातला हिरवा लेप

सकाळी तुमच्या सख्ख्या भावाला मारलं आणि मारणाऱ्यांच्याच जमातीचा माणूस तुमच्या मांडीला मांडी लावून बसलाय, तर काय कराल? चटकन 'माफ करीन' म्हणू नका. तुमचा भाऊ मेलेला नाही.

एसेकोनचा मेला होता. केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पश्चिम काठावर तो जाळं ओढत असताना वैरी जमातीच्या दासनेचांनी त्याला गोळी घातली. निरोप आला तेव्हा एसेकोन खड्ड्यात माती चाळत होता. आदिमानवाची हाडं उकरायला शिकवणारी ती शाळा. देशोदेशीची पोरं यायची आणि एसेकोन तिथला जुना गडी. त्या वर्षी निघालेल्या सांगाड्यांची डोकी ठेचलेली होती, एका बाईची मनगटं बांधल्यासारखी जुळलेली. "हजारो वर्षांपूर्वीचं हत्याकांड," मास्तरीणबाई सांगायच्या आणि पोरं डोळे विस्फारायची. एसेकोनला कसलं नवल? त्याच्याच खांद्यावर बारीक चरे ओळीने उठलेले. त्याच्या तुर्काना जमातीत वैरी मारला की ते कोरून घेतात.

त्याच्या शेजारी ब्रश चालवणारा आर्कोले दासनेच जमातीचा होता. उत्तरेच्या काठावरचा शाळामास्तर, आपल्या पोरांना हे शिकवावं म्हणून आलेला. दोघांचं सगळं टोमण्यांवर चालायचं.

"तुझ्या आज्याने ठेचलंय हे डोकं," एसेकोन म्हणायचा.

"नेम बघ किती वाकडा. तुमच्यातलाच कुणी असणार."

निरोप ऐकून एसेकोनने चाळण खाली ठेवली. आर्कोलेचं तोंड उतरलं.

"दादा, मी निघू?"

"कुठे? बाहेर उघडं रान आहे. सशासारखा टिपतील. बस इथंच."

तेवढ्यात धूळ दिसली. एसेकोनचा मेहुणा लोपेयोक बंदूकवाले घेऊन येत होता. एसेकोन स्वयंपाकाच्या मांडवाकडे पळाला, जेवणासाठी बांधलेला बोकड आडवा पाडला, भाला खुपसला, पोट फाडलं आणि आतला हिरवा चोथा ओंजळीत घेऊन आला. आर्कोलेच्या कपाळाला, छातीला त्याने तो फासला. ज्याला हा लेप लागला तो घरचा झाला. त्याच्यावर हत्यार उचललं तर उचलणाऱ्याची गुरं मरतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

लोपेयोक थबकला. बंदुका खाली झाल्या. जमलं, असं वाटलं.

"दाजी, लेप कुणी लावला?"

"मी."

"डोकं भादरलंस?"

एसेकोनने हिरवा हात केसांवरून फिरवला.

"भाऊ गेलाय तुझा. सुतकातला हात हा. या हाताने लावलं ते नुसतं शेण. म्हातारा अपुवा चुलीपाशी बसलाय की, त्याला लावायला सांगायला काय झालं होतं?"

खरंच होतं. बोकड पाडताना म्हाताऱ्याच्या पायाला पाय लागला होता. घाईत सुचलं नाही.

लोपेयोकने पुन्हा रोखलेल्या बंदुकीची नळी एसेकोनने धरली. दस्त्याचा पहिला घाव त्याच्या जबड्यावर बसला. दुसऱ्याने मनगट काटकीसारखं मोडलं. पडला तरी लोपेयोकच्या पोटरीत दात रोवून होता. मागून दुसऱ्याच कुणी गोळी झाडली. आर्कोले जुन्या हाडांवर कोसळला, लेप आणि रक्त एक झालं. मास्तरीणबाई मध्ये धावल्या, त्यांना नळीने ढकलून पाडलं.

"बहिणीच्या कुंकवासाठी तुला सोडतोय," म्हणत लोपेयोक लंगडत गेला.

पोलीस आले तेव्हा रक्त वाळलं होतं. साहेब म्हणाला, "यांच्यात असंच चालतं." असंच चालतं? मग वैऱ्याच्या जिवासाठी मेहुण्याच्या पोटरीला दात लावणारा माणूस कुणाच्यात मोजायचा? माझं डोकं अजून तापतं.

एसेकोनने भावाला दगडांखाली निजवलं, डोकं भादरलं. उपयोग झाला नाही. सुतकात लेप लावला आणि तो वाया गेला, म्हणून वस्तीने त्याचा हातच विटाळलेला ठरवला. त्याने भरलेल्या भांड्याला कुणी तोंड लावत नाही. शाळा पुन्हा भरते. नवी पोरं त्या खड्ड्याचे फोटो काढतात, आणि तो मोडक्या मनगटाने माती चाळतो. दुपारी बाभळीखाली चूल पेटवून दुधाचा गोड चहा करतो आणि एकटाच पितो.

तिकडे गेलात तर खड्ड्याकडे नंतर वळा. आधी त्याच्यापुढे मांडी घाला आणि तो वाकड्या हाताने देईल तो चहा, सगळ्या वस्तीदेखत, प्या.