वजाबाकीतली दोन माणसं

सादरीकरणाला पंचवीस मिनिटं उरली असताना रोडा बूटिलियरने लॅपटॉप उघडला आणि तिला आपली चूक दिसली.

पीएचडी होऊन चौदा महिने झाले होते. आरोग्याच्या आकडेवारीवर पुढचं संशोधन करायला नऊ विद्यापीठांत अर्ज, नऊ नकार. हॅलिफॅक्सचा हा दहावा अर्ज पहिल्यांदाच मुलाखतीपर्यंत पोचला होता. दोन वर्षांची जागा. मिळाली तर आईकडे ठेवलेल्या सहा वर्षांच्या लेकीला ती इकडे आणू शकणार होती.

पडद्यावर तक्ता होता : किनाऱ्यावरच्या चार गावांत नशेच्या गोळ्यांचं व्यसन सोडवण्यासाठी औषध घेणारे किती. सहापेक्षा कमी माणसं असली की ती ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा लिहायचा नाही, तारा टाकायचा, हा नियम. रुग्णांची गोपनीय आकडेवारी ठेवलेल्या बंद खोलीतून कागद बाहेर पडण्याआधी तिथला अधिकारी डेल्फिन कोमो तो तपासतो. हाही त्याने तपासूनच दिला होता. पण काल घरी, तक्ता लंगडा दिसतो म्हणून, रोडाने दुसऱ्या मंजूर कागदावरची बेरीज खाली जोडली. अकरा, एकोणीस, नऊ, तारा. एकूण एक्केचाळीस.

म्हणजे ताऱ्याच्या जागी दोन. गाव तिच्या आजोळचं, दीडशे-दोनशे वस्तीचं. ते दोघं कोण, हे तिला कुणाला न विचारता कळलं.

फाइल कालच निवड समितीच्या तिघांना गेली होती. तिने डेल्फिनला फोन लावला.

"माझ्याकडून चूक झालीय."

"कॉफी सांडलीस?"

"ताऱ्याखाली बेरीज टाकली. फाइल तिघांकडे गेलीय."

"नोंद करावी लागेल, पोरी. केली की चौकशी होईपर्यंत तुझं खोलीत येणं बंद."

"ठाऊक आहे."

"मग आधी मुलाखत दे, नंतर फोन कर. मी जागेवर नव्हतोच असं समज."

"सभागृहात आमच्या किनाऱ्याकडची तीन मुलं बसणार आहेत, डेल्फिन. आणि तक्ता नुसता काढला तरी फाइल तिघांकडे राहतेच. आत्ताच लिही. नऊ चाळीस."

मग ती समितीच्या प्रमुख लोर्ना क्रीझर यांच्या खोलीत गेली.

"लोर्ना, काल पाठवलेली फाइल तिघांनीही पुसून टाका. त्यातून दोन रुग्ण ओळखू येतात. चूक माझी आहे."

लोर्नांनी चष्मा काढला. "हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो."

"हो. मीच शिकवते."

"चौकशीला महिना तरी जातो. आम्हाला माणूस एक तारखेला हवा. दुसरा उमेदवार बाहेर बसलाय."

"पाहिलं त्याला. टाय घालून आलाय."

लोर्ना हसल्या नाहीत. त्यांनी फाइल पुसली आणि उरलेल्या दोघांना फोन करून पुसायला लावली. "तक्ता काढून बोल," त्या म्हणाल्या. "दहाला सुरू."

अर्धं भाषण त्या तक्त्यावर उभं होतं. एक तारखेला ही जागा आपली नसणार, हे तिला पुरतं कळलं होतं. तरी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून ती उरलेली पानं लावू लागली.